ओठ आधी हलतात, सूर मागून येतो: बाबांच्या नाटकाचा व्हिडिओ जुळत नाहीये

संगम_हरिपूर (सोमवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. मी सांगलीजवळच्या हरिपूरची. चैत्रात बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत. घरच्या कार्यक्रमात दाखवायला पाऊण तासाची फिल्म करायला घेतलीय आणि गेले तीन आठवडे त्यातच अडकलेय.

बाबा हौशी रंगभूमीवर गायचे. २००३ साली भावे नाट्यमंदिरात झालेल्या त्यांच्या एका संगीत नाटकाची मिनी-डीव्ही कॅसेट घरात आहे. २०१९ च्या महापुरात आमच्या खालच्या खोल्या पाण्यात गेल्या, फोटोंचे तिन्ही अल्बम गेले. ही कॅसेट माळ्यावर होती म्हणून राहिली. बाबांचा गाताना दिसणारा आमच्याकडं एवढाच एक पुरावा आहे. पुरानंतर घाबरून मी ती एका दुकानातून एमपी-फोर करून आणली.

लॅपटॉप आय-फाइव्ह, आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम. एडिटिंगचं सॉफ्टवेअर शॉटकट. अडचणी अशा. भाच्यानं आयफोनवर हरिपूरचा घाट, चिंचेची झाडं, बाबा चालताना असं सगळं फोर-केमध्ये काढलंय. ते टाइमलाइनवर टाकलं की दोन सेकंद चालतं आणि थिजतं, आवाज मात्र पुढं जात राहतो. बाबांची ३२ मिनिटांची मुलाखत मी माझ्या मोबाइलवर घेतली, आवाज वेगळ्या छोट्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला दोन्ही जुळतात, शेवटी जवळजवळ दोन सेकंदांचा फरक पडतो. आणि नाटकात कुणी हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. नांदी बरोबर आहे, पण पुढं एका पदाला बाबांचे ओठ आधी हलतात आणि सूर मागून येतो.

जो तो लॅपटॉप बदल म्हणतोय. तेवढे पैसे आत्ता नाहीत, आणि खरंच तेच कारण आहे का हे कळल्याशिवाय खर्चही करायचा नाही.

तासगाव_रानवाट (रात्री १०.१५)

ताई, मला असंच झालं होतं तेव्हा मी नेटवरून कोडेक पॅक (तऱ्हेतऱ्हेचे व्हिडिओ उघडणाऱ्या प्रोग्रॅमांचा गठ्ठा) घेऊन टाकलेला. आणि व्हिडिओ बाहेरच्या हार्डडिस्कवर असतील तर तिथंच गाडी अडते. आधी सगळं लॅपटॉपमध्ये घ्या.

अजिंक्यतारा (रात्री ११.०५)

कोडेक पॅक टाकू नका. शॉटकट फाइल वाचायचं काम स्वतःसोबत आलेल्या एफएफएमपेगकडून करून घेतं, विंडोजमध्ये काय बसवलंय ते बघतही नाही. पॅकनं फायदा शून्य, आणि नको ते दहा प्रोग्रॅम आत येतात.

ताई, मी साताऱ्यात वीस वर्षं लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग केलंय. तुमची अडचण एक नाही, तीन आहेत आणि तिघींची कारणं वेगळी आहेत. एकाच औषधानं तिन्ही बऱ्या करायला गेलात तर आणखी तीन आठवडे जातील. आज रात्री दोनच गोष्टी करा.

पहिली. आयफोनची थिजणारी क्लिप घ्या, वीस सेकंदांचा तुकडा कापून एक्सपोर्ट करा आणि व्हीएलसीत बघा. तिथं नीट दिसला तर तुमची फिल्म ठणठणीत आहे, फक्त एडिटिंगच्या खिडकीतलं चित्र दमतंय. तिथंही अडकला तर मात्र फाइलमध्ये शिरावं लागेल. हे न करताच माणसं नवीन मशीन घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. तिन्ही प्रकारची एकेक फाइल त्यात टाका आणि फॉरमॅट, रुंदी-उंची, फ्रेम रेट मोड आणि स्कॅन टाइप काय दाखवतंय ते इथं लिहा.

संगम_हरिपूर (मंगळवार, सकाळी ६.४०)

दादा, वीस सेकंदांचा तुकडा व्हीएलसीत लोण्यासारखा चालला! एकदाही अडला नाही.

मीडियाइन्फो असं सांगतंय. आयफोन: एचईव्हीसी, ३८४० बाय २१६०, फ्रेम रेट ६०. माझ्या मोबाइलची मुलाखत: एव्हीसी, १९२० बाय १०८०, फ्रेम रेट मोड व्हेरिएबल. नाटक: एव्हीसी, १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, स्कॅन टाइप प्रोग्रेसिव्ह.

व्हिडिओ बाहेरच्या हार्डडिस्कवरच आहेत, तीही जुन्या यूएसबी-टू पोर्टला लावलेली. मग तासगावच्या दादांचं बरोबर आहे का?

कराड_प्रीतिसंगम (सकाळी ८.२०)

हिशेबच करू की ताई. आयफोनचं फोर-के ६० फ्रेमचं एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) चित्रण मिनिटाला साधारण ४०० एमबी जागा घेतं. म्हणजे सेकंदाला सात एमबीसुद्धा नाही. यूएसबी-टू कागदावर ४८० मेगाबिटचं, प्रत्यक्षात सेकंदाला तीसेक एमबी तरी देतंच. तुमची डिस्क आरामात बसलीय. टास्क मॅनेजर उघडून क्लिप चालवा, डिस्कचा आकडा खाली आणि प्रोसेसर शंभराला टेकलेला दिसेल.

खरा भार आहे तो उलगडण्याचा. एका फोर-के फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे जवळपास ५० कोटी पिक्सेल. आणि एचईव्हीसीत प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. सरळ बघताना हे सोपं जातं, कारण आधीची फ्रेम हाताशी असते. एडिटिंगमध्ये आपण मधेच कुठंतरी बोट ठेवतो. मग प्रोसेसरला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथपासून सगळं उलगडत यावं लागतं. म्हणून व्हीएलसीत जे पळतं ते टाइमलाइनवर हाफतं.

यावर उपाय प्रॉक्सी. शॉटकटच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी आहे, तिथं यूज प्रॉक्सी चालू करा. ते प्रत्येक क्लिपची ५४० ओळींची हलकी नक्कल बनवतं. तुम्ही नकलेवर काम करायचं, एक्सपोर्ट करताना ते आपोआप मूळ फाइल घेतं. नकला व्हायला वेळ लागतो, रात्री लावून झोपा. जोडीला प्रिव्ह्यू स्केलिंग ५४० वर ठेवा.

संगम_हरिपूर (मंगळवार, रात्री १०.३०)

झालं! प्रोसेसर खरंच ९८ ते १०० होता आणि डिस्क ५ टक्क्यांच्या आत. प्रॉक्सी झाल्यावर घाटावरचे सगळे शॉट सरळ चालतायत, मागं-पुढं ओढले तरी. तीन आठवडे मी हे शॉट टाकूनच द्यायच्या बेतात होते.

रंग मात्र शॉटकटमध्ये उडाल्यासारखे दिसतायत, फोनवर ते गडद आहेत.

अजिंक्यतारा (रात्री १०.५०)

भाच्याचा फोन एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-सावलीचा जास्त पल्ला टिपणाऱ्या प्रकारात काढतोय. पुढच्या शूटिंगआधी त्याला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओमधलं एचडीआर बंद करायला सांगा. काढलेल्या शॉटना कलर ग्रेडिंगचा फिल्टर लावून थोडा कॉन्ट्रास्ट आणा, चालून जाईल.

आता मुलाखत. तिचं फ्रेम रेट व्हेरिएबल आहे, तिथंच खोट आहे. उजेड कमी पडला की फोन एकेक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो, तापला की आणखी हळू होतो. वर ३० लिहिलेलं असतं, आत कधी ३०, कधी २६. एडिटिंग सॉफ्टवेअरला सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर लागतात. शॉटकटमध्ये ही फाइल पहिल्यांदा घेताना त्यानं काही विचारलं होतं का?

संगम_हरिपूर (रात्री ११.००)

हो, एडिट-फ्रेंडलीमध्ये बदलू का असं काहीतरी विचारलं होतं. फाइल बिघडेल या भीतीनं मी नको म्हटलं.

अजिंक्यतारा (रात्री ११.०५)

त्यानं मूळ फाइलला धक्का लागत नाही, शेजारी नवीन फाइल तयार होते. क्लिप निवडून प्रॉपर्टीजमधून आताही बदलता येईल. नवी फाइल मोठी होईल, डिस्कवर जागा ठेवा. हँडब्रेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडूनही हेच होतं.

मिरज_तंबोरा (बुधवार, सकाळी ७.१५)

मी मिरजेत तंबोरे जवारी करतो, एडिटिंग घरापुरतं. पण न जुळणाऱ्या आवाजावर मी बरीच रात्र जागवलीय, म्हणून लिहितो.

आवाज कसा चुकतोय ते आधी ओळखा. सुरुवातीला टाळी वाजवलेली असेल तर उत्तम, नसेल तर कप ठेवल्याचा, दार लागल्याचा आवाज शोधा. असा एक खूण-आवाज सुरुवातीला, एक मधे, एक शेवटी. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर ट्रॅक नुसता सरकलाय, ओढून जागेवर ठेवला की काम झालं. फरक सावकाश वाढत जात असेल तर वेग चुकलाय किंवा फ्रेम रेट हलतोय. आणि एका जागेपर्यंत सगळं ठीक, मग अचानक अर्ध्या सेकंदाची उडी, पुढं तेवढाच फरक कायम, पुन्हा एक उडी, असं असेल तर मधल्या फ्रेम कुठंतरी गळल्यात. या तिसऱ्याला कुठलंही सेटिंग लागू पडत नाही.

दुसरी परीक्षा कानाची. नाटकात बाबा कुठल्या पट्टीत गायचे? फाइल लावा आणि पेटीवर सा धरा. दुकानदारानं कॅसेट भरताना आवाजाचं सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) चुकवलं असेल, ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज ४८ म्हणून वाजला असेल, तर काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनच्याही वर, पांढरी दोन आणि काळी दोनच्या साधारण मधोमध गाताना ऐकू येईल. पट्टी हलली असेल तर वेगाचा घोटाळा. पट्टी शाबूत असूनही ओठ चुकत असतील तर सूर खरा आहे आणि चित्र खोटं आहे.

संगम_हरिपूर (बुधवार, रात्री ९.१०)

काका, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. बाबांना न सांगता करायचं होतं, पण पट्टी त्यांनाच माहीत. सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाले, "काळी एक. त्या दिवशी ऑर्गनला काळी एकच होती." पेटी काढली, हेडफोन लावून सा धरला. बरोबर काळी एक.

मग टाळ्या शोधल्या, प्रेक्षकांच्या आणि तबल्याच्या. नांदीला फरक शून्य. १४ व्या मिनिटाला एका क्षणात चित्र अर्धा सेकंद पुढं जातं. २९ व्या मिनिटाला पुन्हा तसंच. म्हणजे तुमचा तिसरा प्रकार.

मुलाखत बदलून घेतली. दोन सेकंदांचा फरक गेला. शेवटाकडं अगदी दोन-तीन फ्रेमचा राहिलाय, तो का?

कराड_प्रीतिसंगम (रात्री ९.३५)

तो रेकॉर्डरचा. फोन आणि रेकॉर्डर, दोघांच्या आत आपापलं घड्याळ असतं आणि कुठलीच दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखात पन्नासाचा फरक धरला तरी ३२ मिनिटांत जवळपास एक दशांश सेकंद होतो, म्हणजे अडीच फ्रेम. पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला बाबा श्वास घ्यायला थांबतात तिथं आवाजाचा ट्रॅक कापा आणि पुढचा तुकडा जुळवून ठेवा. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

वाई_मेणवली (रात्री १०.००)

मधेच विचारतोय. मंगल कार्यालयात मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत आडव्या काळपट पट्ट्या सरकताना दिसतात. हेही प्रॉक्सीनं जातं का?

अजिंक्यतारा (रात्री १०.२०)

नाही. त्या पट्ट्या चित्रणातच आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोन ३० फ्रेमवर आणि भलत्याच शटरवर काढत असला की दोघांचा ताल जमत नाही. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. काढून झालेल्यातून त्या पूर्ण निघत नाहीत.

संगमताई, आता नाटकाबद्दल. हे लिहायला मला जड जातंय, पण ती एमपी-फोर सोडून द्या.

मीडियाइन्फोत नाटक १९२० बाय १०८० आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एका वेळी सबंध फ्रेम असलेलं दिसतंय. आपल्याकडची मिनी-डीव्ही तशी नसते. ती ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड. एका फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, २८८ ओळींचं एक आणि २८८ ओळींचं दुसरं, आणि दोघांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. म्हणून हात हलताना एका फील्डमध्ये तो इथं आणि दुसऱ्यात तिथं दिसतो. जुन्या टीव्हीवर हे कळायचं नाही, संगणकावर कंगवा दिसतो. तो काढायला डी-इंटरलेस करतात. दुकानात ते न करताच चित्र १०८० पर्यंत ताणलं. दोन्ही फील्डच्या ओळी एकमेकींत कालवल्या गेल्या, आता त्या वेगळ्या काढता येणार नाहीत. बाबांचा चेहराही रुंद दिसत असेल, कारण चारास-तीनचं चित्र सोळास-नऊमध्ये खेचलंय. वर भरताना फ्रेम गळल्यात. सूर वाचला हे तुमचं नशीब.

कॅसेट अजून आहे ना? तीच खरी. माझ्याकडं चालू मिनी-डीव्ही कॅमेरा आहे आणि फायरवायर (कॅमेरा केबलनं संगणकाला जोडायची जुनी सोय) कार्ड बसवलेला जुना डेस्कटॉप. फायरवायरनं कॅसेटवरचे आकडे जसेच्या तसे उतरतात. तासाला १३ जीबी जागा लागते, पण त्यात दुकानदाराचं मत मिसळत नाही. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसते का ते मात्र आधी बघा. बुरशी असेल तर कुठल्याही कॅमेऱ्यात घालू नका. टेप जाईल, हेड जाईल, आणि त्या कॅमेऱ्यात घातलेल्या पुढच्या कॅसेटला लागण होईल.

संगम_हरिपूर (रात्री १०.४५)

चेहरा रुंद दिसतोय खरा. मला वाटत होतं बाबा तेव्हा तसेच असतील.

बुरशी नाही, बॅटरी लावून दोन्ही बाजूंनी बघितलं. पण कॅसेट कुरिअर करायला मन होत नाही. स्वतः घेऊन आले तर चालेल का? रविवारी शाळेला सुट्टी असते.

अजिंक्यतारा (रात्री १०.५०)

कुरिअर करूच नका. रविवारी या. पोवई नाक्यावर उतरा, मी घ्यायला येतो. घरी सौ. आहेत, जेवूनच जायचं.

कराड_प्रीतिसंगम (शुक्रवार, दुपारी १.३०)

ताई, प्रोजेक्ट किती फ्रेमचा ठेवलाय? आयफोन ६० चा आहे म्हणून ३० ठेवा असं मला वाटतं. ६० मधून एक सोडून एक घेतली की झालं. २५ वर ठेवलं तर ६० ला २५ नं भाग जात नाही, बाबा चालतानाचे शॉट एक्सपोर्टमध्येही हिसके देतील.

अजिंक्यतारा (दुपारी ३.१५)

हिशेब बरोबर, निवड मला पटत नाही. या फिल्मचा जीव नाटकात आहे आणि नाटक ५० फील्डचं आहे. ते ३० मध्ये कोंबलं तर हिसके गाणाऱ्या माणसाला बसतील. मी प्रोजेक्ट ५० फ्रेमचा ठेवीन. डी-इंटरलेस करताना प्रत्येक फील्डची एक फ्रेम केली की पन्नासच्या पन्नास मिळतात, हँडब्रेकमध्ये त्याला बॉब म्हणतात. आयफोनच्या ६० मधून सहातली एक गळेल, झाडांच्या आणि घाटाच्या शॉटमध्ये ती जाणवणार नाही. मशीनवर भार वाढेल, पण प्रॉक्सी आहेतच.

कराड_प्रीतिसंगम (दुपारी ३.४०)

पटलं. ५० च ठेवा ताई.

संगम_हरिपूर (रविवार, रात्री ११.२०)

आत्ता साताऱ्याहून आले. झोप येणार नाही म्हणून लिहितेय.

कॅसेट घातली, ती संगणकात उतरवणारं विनडीव्ही सुरू केलं, आणि दादांनी मला गळलेल्या फ्रेमच्या आकड्यावर लक्ष ठेवायला बसवलं. शून्य. शेवटपर्यंत शून्य. १४ वं मिनिट आलं तेव्हा मी हात घट्ट धरून बसले होते. बाबांचे ओठ आणि सूर एकत्र. ती तान मी वीस वर्षांत अशी बघितलीच नव्हती. चेहरा बारीक, मानेची शीर दिसते.

पहिल्यांदा चित्र थरथरत होतं, हात पुढं जाऊन मागं यायचा. दादांनी प्रॉपर्टीजमध्ये फील्डचा क्रम बॉटम फील्ड फर्स्ट केला आणि थरथर थांबली. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं म्हणे, बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत वरचं. बाजूला काळ्या पट्ट्या ठेवल्यात, चित्र ताणलेलं नाही.

एक दुखणं राहिलंय. ४१ व्या मिनिटाला साताठ सेकंद चित्रात चौकोन-चौकोन येतात, आवाजही तुटतो. हेड साफ करून दोनदा लावलं, तसंच.

अजिंक्यतारा (रात्री ११.४५)

मी घरी आल्यावर विचार करत बसलो होतो. कॅसेटवर ६० मिनिटं छापलंय आणि आपण उतरवलं ८३ मिनिटांचं. म्हणजे त्या दिवशी कॅमेरा एलपी (लाँग प्ले) मोडवर होता. एलपीत टेप हळू चालते, त्यावरच्या रेघा अरुंद होतात आणि ज्या कॅमेऱ्यानं लिहिल्या त्यालाच त्या सर्वांत नीट वाचता येतात. माझा कॅमेरा बाकी सगळं वाचू शकला, तिथं मात्र चुकला. तो प्रयोग कुणी चित्रित केला होता?

मिरज_तंबोरा (सोमवार, सकाळी ६.५०)

तेवढी जागा नाहीच सुटली तर दुकानातल्या एमपी-फोरचा फक्त आवाज तिथं जोडा. पट्टी तपासलेली आहे, सांधा कळणार नाही. चित्राला प्रेक्षागृहाचा एखादा शॉट.

संगम_हरिपूर (सोमवार, रात्री ९.३०)

काका, तसंच करणार होते. पण दादांचा प्रश्न बाबांना विचारला. बुधगावच्या त्यांच्या मित्रानं काढलं होतं. संध्याकाळी जाऊन आले. कॅमेरा कपाटात आहे, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. बॅटरी मेलीय, पण चार्जरची वायर लावल्यावर दिवा लागला आणि रिकामं झाकण उघडून मिटलं. कॅसेट अजून घातली नाही.

दादा, त्याला फायरवायरचं छोटं भोक आहे, चार पिनांचं. तुमच्याकडं ती केबल आहे का? असेल तर रविवारी कॅमेरा आणि कॅसेट दोन्ही घेऊन येते.

अजिंक्यतारा (रात्री ९.४०)

आहे. त्यात आधी माझी एक टाकाऊ कॅसेट घालून बघू, ती नीट बाहेर आली तरच बाबांची. सकाळच्या गाडीनं निघा.